कुत्र्याची लाळ आणि आपलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात कॉलेजच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि घरी तांबू नावाची नऊ वर्षांची गावठी कुत्री आहे. या दोन गोष्टी कळल्या की लोक प्रश्न विचारतातच. कुणी जुळे सोलापुरातल्या कट्ट्यावर विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत, कुणी इंजेक्शनच्या रांगेत उभं राहून फोनवर. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, पशुवैद्यही नाही. जिथं त्यांच्याकडे जायलाच हवं तिथं तसं स्पष्ट लिहिलं आहे.

कुत्र्याचं तोंड माणसाच्या तोंडापेक्षा स्वच्छ असतं म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. जंतू दोन्ही तोंडांत भरपूर असतात, फक्त जाती वेगळ्या. 2012 मध्ये अमेरिकेत 51 कुत्र्यांच्या तोंडातले जिवाणू तपासले गेले. 353 प्रकार सापडले, आणि त्यातले माणसाच्या तोंडातल्या जिवाणूंशी जुळणारे शंभरात जेमतेम सोळा निघाले.

एवढा फरक का, याचं मोठं कारण लाळेत आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी जशी येते तशी मुरमाड माळावर येत नाही. तोंडाचंही तसंच आहे. आपली लाळ साधारण उदासीन असते, जरा आम्लाकडे झुकते. कुत्र्याची लाळ अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. आपले दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स साखरेवर जगतो आणि आम्ल तयार करतो. कुत्र्याच्या तोंडात त्याचं बस्तान बसत नाही, म्हणून कुत्र्याचे दात क्वचितच किडतात. पण त्याच अल्कधर्मी लाळेमुळे दातांवरचा मऊ थर लवकर दगडासारखा घट्ट होतो. कुत्र्याचा खरा आजार हिरड्यांचा, आणि तीन वर्षांपुढच्या बहुतेक कुत्र्यांना तो कमीजास्त प्रमाणात असतोच.

मग त्याच्या तोंडातले जंतू आपल्या तोंडात येतात की नाही?

काही येतात. 2012 मध्येच जपानमध्ये 64 कुटुंबांतल्या 81 माणसांच्या आणि 66 कुत्र्यांच्या दातांवरचा थर शेजारी शेजारी ठेवून तपासला गेला. हिरड्यांच्या आजाराशी संबंध असलेला पोर्फायरोमोनास गुले हा जिवाणू मुळात कुत्र्यांचा. तो शंभरात सत्तरेक कुत्र्यांत सापडला, आणि शंभरात सोळा माणसांतही सापडला. ज्या माणसांत सापडला, त्यांच्या घरच्या कुत्र्यातही तो होता.

पण सापडणं वेगळं आणि त्यानं आजार होणं वेगळं. माणसाच्या हिरड्या बिघडवणारा त्याचा चुलतभाऊ, पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस, आपल्यात आपापला राहतो, त्याला कुत्र्याची गरज लागत नाही. तुमच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर तांबूकडे बोट दाखवू नका. तंबाखू, मिश्री आणि न घासलेले दात याकडे आधी बघा.

खरी देवाणघेवाण तोंडापेक्षा कातडीवर चालते. 2013 च्या एका अमेरिकन अभ्यासात 60 कुटुंबं पाहिली होती. कुत्रा पाळणाऱ्यांच्या कातडीवरचे जिवाणू त्यांच्या स्वतःच्या कुत्र्याशी बरेच जुळत होते, तोंडातले त्या मानानं फार कमी. आपण कुरवाळतो, तो पायाशी घासून बसतो, एकाच सतरंजीवर लोळतो. वाटणी तिथं होते.

आपल्याकडून कुत्र्याला काही जातं का?

जातं, आणि हे कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटतं. जपानच्या त्याच अभ्यासात हिरड्यांच्या आजाराचे आणखी दोन जिवाणू पाहिले होते. मालकाच्या तोंडात ते असले की कुत्र्याच्या तोंडातही सापडण्याचं प्रमाण वाढत होतं. औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणूसुद्धा माणसाकडून कुत्र्याकडे जाऊ शकतो. घरात कुणाला पू धरलेलं गळू असेल तर ते झाकून ठेवा आणि त्या हातानं कुत्र्याच्या तोंडात घास देऊ नका.

कुत्र्यानं चाटलं. घाबरायचं का?

मी दोन गोष्टी विचारते: लाळ कुठं लागली, आणि कुणाला लागली?

धडधाकट माणसाच्या अखंड कातडीवर लागली असेल तर साबणानं धुवा आणि विसरून जा. डोळा, नाकाच्या आत, ओठ, तोंड इथं जरा जास्त सावध राहा, कारण तिथं कातडीचं चिलखत नाही. आणि जखमेवर लागली असेल तर ती चावल्याइतकीच गंभीर धरा.

जखम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाहतं रक्त येतं. सोलापुरात मला भीती वाटते ती टाचांच्या भेगांची. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी, अर्धं गाव अनवाणी फरशीवर वावरतं. टाचा अशा फुटतात की आतला लाल भाग दिसतो. कुत्र्याला त्या घामट, खारट टाचा चाटायला फार आवडतं.

हे माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलं. त्यांनी उभं आयुष्य यंत्रमागावर काढलं, साखर पंधरा वर्षांची, तळव्यांची जाणीव कमी झालेली. दुपारी ते उघड्या फरशीवर पडायचे आणि तांबू पायाशी बसून टाच चाटत राहायची. गुदगुल्या होत नसत, त्यामुळे ते पाय ओढूनही घेत नसत. एका सकाळी टाच लाल दिसली, संध्याकाळपर्यंत घोटा सुजला. आधी ज्या दवाखान्यात गेलो तिथं मलम देऊन घरी पाठवलं. कुत्र्याचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही. ताप चढल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पू तपासायला पाठवला आणि अहवालात पाश्चुरेला आला. औषध बदललं, सूज उतरली, पाय वाचला.

पाश्चुरेला हा कुत्र्या-मांजरांच्या तोंडात नेहमी वावरणारा जिवाणू. त्याची खूण म्हणजे घाई. लाळ जखमेत गेल्यापासून चोवीस तासांच्या आत लाली, सूज, ठणका सुरू होतो. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या काही अँटिबायोटिक गोळ्या त्याच्यावर नीट चालत नाहीत, म्हणून कपाटात उरलेल्या गोळ्या घेऊ नका. आणि डॉक्टरांसमोर बसलात की पहिलं वाक्य हेच असू द्या: घरात कुत्रा आहे, त्यानं इथं चाटलंय.

साखर असलेल्या माणसाचे पाय रोज संध्याकाळी कुणीतरी उजेडात बघावेत. भेगांना रात्री व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल, वर सुती मोजे. तेलाचा वास आला की कुत्रा आणखी चाटतो, म्हणून मोजे हवेतच.

विशेष काळजी कुणी घ्यायची?

ज्यांची प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त गाळणारा अवयव, काढलेली आहे त्यांनी सगळ्यात आधी. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या काही रुग्णांची ती काढावी लागते. सिकल सेल या रक्ताच्याच आजारात ती आतल्या आत निकामी होते. शिवाय यकृत खराब झालेले, रोज दारू पिणारे, कॅन्सरची औषधं किंवा बरेच दिवस स्टिरॉइड घेणारे.

यांना धोका आहे तो कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस या लांबलचक नावाच्या जिवाणूचा. कॅनिमॉर्सस म्हणजे लॅटिनमध्ये कुत्र्याचा चावा. त्याचा पहिला रुग्ण 1976 मध्ये नोंदला गेला आणि हे नाव 1989 मध्ये मिळालं. निम्म्याहून जास्त निरोगी कुत्र्यांच्या तोंडात तो असतो, आणि बहुतेक माणसांना आयुष्यभर काहीही करत नाही. पण रक्तातले जंतू गाळणारी प्लीहाच नसेल तर तो रक्तात मोकाट वाढतो. चावल्या-चाटल्यानंतर साधारण तीन ते पाच दिवसांत, कधी दोन आठवड्यांपर्यंत, ताप, थंडी, उलट्या, अंगावर जांभळे डाग दिसतात. गंभीर संसर्ग झालेल्यांपैकी दहात तीन जण दगावतात. हा आजार अगदी दुर्मिळ आहे. तरीही वरच्या यादीतल्या माणसाला कुत्रा चावल्यावर ताप आला तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठा.

घरात तान्हं बाळ आहे. कुत्रा दुसरीकडे द्यावा का?

नको. पण बाळाचं तोंड, नाक आणि हात कुत्र्याला चाटू देऊ नका, निदान पहिलं वर्षभर. तान्ह्या बाळांना पाळीव प्राण्याच्या चाटण्यातून पाश्चुरेलाचा मेंदूज्वर झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मोजक्या, पण आहेत. चोखणी, दुधाची बाटली आणि खुळखुळा खाली पडला आणि कुत्र्यानं तोंडात धरला तर पदराला पुसून परत देऊ नका, उकळून घ्या. बाळ आणि कुत्रा या दोघांनाच खोलीत कधीही सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

आमच्या आजी म्हणायच्या, कुत्र्यानं चाटलेली जखम लवकर भरते.

आजींचं निरीक्षण अगदीच निराधार नव्हतं. कुत्र्याच्या लाळेत काही जंतूंना मारण्याची थोडी ताकद असते, आणि 1990 च्या एका प्रयोगात ती दिसलीही: कुत्रीच्या आणि तिच्या पिल्लांच्या जिवावर उठणारे दोन जिवाणू लाळेनं कमी झाले. ती ताकद तिच्या घरासाठी आहे. पाश्चुरेला त्याच लाळेत सुखानं नांदतो, मग ती लाळ आपल्या जखमेत सोडून कसं चालेल?

चावला तर काय करायचं? हळद, चुना, तिखट यांतलं काय लावायचं?

यातलं काहीही लावू नका. तिखट लावल्यानं जखम भाजते, विष उतरत नाही.

इथं जिवाणू बाजूला ठेवा, कारण समोर त्याहून मोठा शत्रू आहे. रेबीज हा विषाणू आहे, तोही लाळेतूनच येतो, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेत लस घेतली तर हा आजार पूर्ण टाळता येतो.

आधी नळाखाली जखम धरा आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा पुष्कळ लांब असतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा बादलीतून तांब्यानं धार धरायला दुसरं माणूस घ्या. या धुण्यानं विषाणू आणि जिवाणू दोघंही कमी होतात. मग कोणतंही जंतुनाशक लावा, घट्ट पट्टी बांधू नका आणि टाके घालायची घाई करू नका. त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचं सरकारी केंद्र गाठा. लस तिथं मोफत मिळते.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती अजूनही लोकांना घरी बसवते. ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडावर, कातडीत, अगदी थोडी लस देतात. पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी. रक्त निघालेलं असेल, किंवा उघड्या जखमेवर वा डोळ्यात-तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं असलेलं औषधही लागतं आणि ते जखमेतच टोचतात. ते मागून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवू नका.

लस टोचलेल्या घरच्या कुत्र्याचा खेळता खेळता दात लागला तरी जखम धुणं आणि डॉक्टरांना विचारणं चुकत नाही. बोट, मनगट, सांधा इथला छोटा खोल दात वरून टिचभर दिसतो आणि आत सांध्यापर्यंत जंतू पोचवतो.

कुत्र्याच्या तोंडाला भयंकर वास येतो. वयामुळे का?

वयामुळे वास येत नाही, आजारामुळे येतो. आज संध्याकाळी एक करा. कुत्र्याला शेजारी बसवा, अंगठ्यानं वरचा ओठ बाजूनं हळूच उचला आणि मागच्या बाजूला सगळ्यात मोठा दात आहे तो बघा. हाडं फोडायचा हाच दात, आणि लाळेची नळी त्याच्याजवळच उघडते, म्हणून कीटण पहिल्यांदा इथं साचतं. दात पांढरा आणि हिरडी गुलाबी असेल तर छान. दाताच्या मुळाशी पिवळट-तपकिरी कवच आणि हिरडीला लाल रेघ दिसली तर आजार सुरू झालाय. तांबूचा ओठ मी पहिल्यांदा नीट उचलून बघितला तेव्हा ती सहा वर्षांची होती. डावीकडच्या त्या दातावर गुळाच्या ढेपेसारखा खडबडीत थर होता, आणि कापसानं नुसतं टेकवलं तरी कापूस लाल झाला. ती महिनाभर एकाच बाजूनं चावत होती, आणि आम्हाला वाटत होतं भाकरी आवडत नाही.

घट्ट झालेलं कीटण घासून निघत नाही. पशुवैद्याकडे भूल देऊन ते काढावं लागतं. नखानं किंवा चिमट्यानं घरी खरवडू नका, हिरडी फाटते. त्या सुजलेल्या हिरडीतून जिवाणू कुत्र्याच्या स्वतःच्या रक्तात जात राहतात. आणि आपल्या अंगावर येणाऱ्या लाळेतही तोच माल असतो. म्हणून कुत्र्याचे दात सांभाळणं हे घरातल्या माणसांच्याही तब्येतीचं काम आहे असं मी मानते.

आमची टूथपेस्ट चालेल का?

अजिबात नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याला बाधतं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्याची रक्तातली साखर एकदम उतरवते आणि यकृतही निकामी करू शकते. कुत्र्यांची पेस्ट वेगळी मिळते. ती नसेल तर ओलं सुती फडकं बोटाला गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूनं फिरवा. सोलापुरात जुन्या टॉवेलच्या तुकड्यांना काय तोटा. रोज जमलं तर उत्तम, एक दिवसाआड तरी करा. थर घट्ट व्हायला दोन-तीन दिवस पुरतात.

कडक भाकरी चावून दात साफ होतात ना?

नाहीत. कडक भाकरी दाताखाली कटकन फुटते आणि हिरडीशी घासली जात नाही. द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर शेंगाचटणी घालून देऊ नका: तिच्यातला लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, कांद्याचंही तेच. मटणाची शिजलेली हाडंही नकोत. ती भाल्यासारखी चिरफळतात, आणि वर सांगितलेला मोठा दात बऱ्याचदा अशा हाडानंच तुटतो.

एका ताटात जेवू घातलं तर?

नामदेवांच्या हातची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातली, पंढरपूरची. बाळ्याच्या खंडोबाला गेलं की कुत्र्याला घास टाकल्याशिवाय आमच्या घरी कुणी जेवत नाही. घास जरूर द्या, त्याच्या वेगळ्या भांड्यात द्या. चुकून त्यानं तुमच्या ताटाला तोंड लावलं तर ताट फेकून द्यायची गरज नाही. साबण, गरम पाणी आणि ऊन पुरतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी दाराशी पाण्याची कुंडी ठेवतो. त्यातून एकमेकांना रोग लागतात का?

कुंडी ठेवाच, उन्हाळ्यात तर नक्की. पण ती नुसती भरू नका. चार दिवस न घासलेल्या कुंडीच्या आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागतं. ते शेवाळच असतं असं नाही. पिणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडातले जिवाणू एकमेकांना चिकटून त्यांनी केलेला तो थर आहे. सकाळी दात घासायच्या आधी जिभेला जाणवतो ना, त्याच जातीचा. वरून पाणी ओतून तो जात नाही, घासावाच लागतो. पाणी टंचाईचं असलं तरी रोज तांब्याभर पाण्यात नारळाच्या शेंडीनं घासा, ते पाणी झाडाला टाका आणि मग कुंडी भरा. कुणी कुत्रं लाळ गाळत, अडखळत, पाण्याजवळ येऊनही गिळू न शकता उभं असेल तर त्याच्याजवळ जाऊ नका, पोरांना आत घ्या आणि महापालिकेला कळवा.

तुम्ही स्वतः तांबूला तोंड चाटू देता का?

गाल आणि हात चाटू देते, ओठ नाही. ती जवळ आली की मी मान वळवते, तिला आता ते कळतं आणि ती कानाशी तोंड घालते. वडिलांच्या पायाशी अजूनही बसते. ते मोजे घालतात, तिनं मोज्याला तोंड लावलं की पाय दुमडून घेतात आणि तिच्या डोक्यावर हात ठेवतात. मग ती तिथंच झोपते.